वार कोणाचा? खान्देशच्या आठवड्याचा इतिहास

१/
आठवड्यातील प्रत्येक दिवसाला एकच प्रमुख काम नेमून द्यावे, असा सल्ला आज कामाच्या नियोजनावरील पुस्तकांत आणि भाषणांत वारंवार आढळतो. सोमवारी हिशेब, मंगळवारी भेटीगाठी, बुधवारी लेखन अशी वाटणी केली की मन विखुरत नाही, असे त्यामागचे गृहीतक. ही कल्पना नवी म्हणून मांडली जाते. खान्देशात गावोगावच्या बाजारांत बांगड्या विकणाऱ्या कासाराला मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती.

२/
त्या कासाराच्या आणि आजच्या नियोजकाच्या आठवड्यात एक मोठा फरक आहे. कासाराने आपले वार एकट्याने, आपल्या सोयीने ठरवलेले नव्हते. ते गावांनी ठरवलेले होते आणि पंचक्रोशीतील प्रत्येक माणसाला पाठ होते. वार ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, तो हळूहळू कोणाकडे गेला आणि त्यासाठी कोणाला झगडावे लागले, हे जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या मुलखात स्पष्ट दिसते. हा धागा त्याविषयी.

३/
प्रथम भूगोल. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी आणि तिला मिळणाऱ्या वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, अनेर या नद्या. इंग्रजी अमदानीत हा सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे त्यांनाच जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. काळी कसदार जमीन, नद्यांच्या काठाने वसलेली गावे आणि मोठी शहरे मोजकीच. अशा मुलखात व्यापार कसा चालावा?

४/
अडचण साध्या गणिताची होती. एका लहान गावात महिन्याकाठी बांगड्या, कापड किंवा तांब्याची भांडी घेणारी घरे फार थोडी. तेवढ्यावर कायमचे दुकान चालत नाही. उलट, गावातील माणसाने प्रत्येक वस्तूसाठी दूरच्या पेठेत जायचे म्हटले तर शेतीचा एक दिवस बुडतो. यावर निघालेला तोडगा म्हणजे आठवडे बाजार. दुकान कायम न ठेवता फिरते ठेवायचे आणि गिऱ्हाइकांनी सात दिवसांची खरेदी एका दिवशी करायची. अहिराणीत ज्याला ‘बजारना दिन’ म्हणतात, तो दिवस असा जन्मला.

५/
या व्यवस्थेतील खरी बुद्धिमत्ता वारांच्या वाटणीत आहे. शेजारशेजारच्या बाजारगावांचे वार शक्यतो एक नसतात. त्यामुळे विक्रेता आज एका गावी पाल ठोकतो, संध्याकाळी माल गाडीत भरतो आणि उद्या पुढच्या गावी पोहोचतो. पाच-सहा वार पाच-सहा गावांचे आणि उरलेला दिवस नवा माल भरण्याचा, उधारीच्या नोंदी तपासण्याचा. पूर्वी बैलगाडी होती, आता टेम्पो आहे. फेरीची रचना मात्र तीच राहिली. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या खानदेश खंडातही आठवडे बाजारांच्या नोंदी आहेत.

६/
म्हणजे येथे ‘प्रत्येक दिवसाला एक लक्ष्य’ होतेच, फक्त ते लक्ष्य एका गावाच्या रूपात होते. विक्रेत्याला विचारले, ‘आज कोणता वार?’ तर तो गावाचे नाव सांगू शकला असता. नागपूरच्या इतवारी, बुधवारी, मंगळवारी या वस्त्यांची नावे याच सवयीची साक्ष देतात. तेथे बाजाराचा वार हाच जागेचा पत्ता झाला.

७/
ही युक्ती केवळ आपली नव्हे. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ जी. विल्यम स्किनर यांनी १९४९-५० मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात ग्रामीण बाजारांचा अभ्यास केला आणि १९६४-६५ मध्ये त्यावर लेखमाला प्रसिद्ध केली. तेथे दहा दिवसांच्या चक्रात एका गावचा बाजार १, ४ आणि ७ या तारखांना, तर शेजारच्याचा २, ५ आणि ८ या तारखांना भरे. शेतकऱ्याचे खरे जग म्हणजे त्याचे एकटे गाव नसून एका बाजाराभोवती जमणारी अनेक गावे होत, असा स्किनर यांचा निष्कर्ष होता. सोयरिकी, बातम्या, पंचायती, सारे त्या वर्तुळात घडत असे. खान्देशातील वाचकाला हे वर्णन परके वाटणार नाही.

८/
काही समाजांत तर बाजारानेच आठवडा घडवला. जावा बेटावर पाच दिवसांचे चक्र आहे: लेगी, पाहिंग, पोन, वागे आणि क्लिवोन. ही दिवसांची नावे तेथील बाजारांना आजही चिकटलेली आहेत. नायजेरियातील इग्बो समाजाचा पारंपरिक आठवडा चार दिवसांचा आणि त्या दिवसांची नावेही बाजारांना दिलेली. प्राचीन रोममध्ये दर आठव्या दिवशी शेतकरी शहराच्या बाजाराला येत. आठवड्याची लांबी निसर्गाने ठरवलेली नाही. दिवस सूर्याने दिला, महिना चंद्राने दिला. आठवडा माणसांनी आपसांत ठरवला.

९/
भारतातील सात वारांचे मूळ मात्र बाजारात नाही. ते ज्योतिषात आहे. पृथ्वीभोवती फिरतात असे मानलेल्या सात ‘ग्रहां’ची मंद ते शीघ्र अशी मांडणी केली की क्रम येतो: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या २४ होरांना या क्रमाने एकेक स्वामी द्यायचा. २४ ला ७ ने भागले की ३ उरतात, म्हणून दुसऱ्या दिवसाची पहिली होरा क्रमातील चौथ्या ग्रहाकडे जाते. शनीपासून चौथा रवी, रवीपासून चौथा चंद्र, चंद्रापासून चौथा मंगळ. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार हा क्रम असा तयार झाला. आर्यभटाने इ.स. ४९९ च्या सुमारास हा ‘चौथ्या’चा नियम सूत्ररूपाने नोंदवला आहे.

१०/
भारतीय शिलालेखांत वार उशिरा अवतरतो. वाराचा उल्लेख असलेला सर्वांत जुना लेख म्हणून सामान्यतः मध्य प्रदेशातील एरण येथील स्तंभलेखाकडे बोट दाखवले जाते. गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातील, गुप्त संवत १६५ म्हणजे इ.स. ४८४ चा हा लेख आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार अशी मिती देतो. त्याआधीची शतके राजे, दाते आणि व्यापारी ऋतू, पक्ष आणि दिवस यांवरच काम भागवत होते. म्हणजे ‘सोमवार’ ही सनातन वाटणारी गोष्टही कधीतरी नवी होती.

११/
मग बाजाराने तिथी सोडून वार का उचलला? पंचांगाची अंगे पाच: तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. यांपैकी चार आकाशातील गतीवर अवलंबून असल्याने त्यांना गणित लागते. तिथी सुमारे वीस ते सत्तावीस तासांची असू शकते. कधी तिचा क्षय होतो, कधी वृद्धी होते. आज दशमी की एकादशी, हे जोशीबुवांना विचारावे लागते. वाराला यातले काही लागत नाही. काल सोमवार होता, म्हणून आज मंगळवार. ज्याच्याकडे पंचांग नाही आणि ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही वार चुकत नाही.

१२/
म्हणून खान्देशात काळाची विभागणी झालेली दिसते. वर्षातून एकदा येणाऱ्या गोष्टी तिथीवर राहिल्या. सारंगखेड्याची घोड्यांच्या बाजाराची यात्रा दत्तजयंतीला, जळगावचा रामरथ कार्तिकी एकादशीला. दर आठवड्याला येणारे व्यवहार वारावर गेले. देवाची भेट ठरवायला जोशी लागे, मीठ-मिरचीची खरेदी ठरवायला लागत नसे. वार हे सामान्य माणसाच्या हाती आलेले कालमापन होते आणि बाजाराने त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

१३/
ज्योतिष आणि बाजार यांची एक गाठ तर खान्देशच्याच दगडावर कोरलेली आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शके ११२८ चा शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता, त्याने आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापला. त्याला निकुंभ घराण्यातील सोइदेवाने दान दिले. लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. पाटणच्या पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावरील उत्पन्न आणि घाण्यामागे पळीभर तेल मठाला दिल्याची नोंद त्यात आहे. ग्रहांचे गणित शिकवणारी शाळा बाजाराच्या पैशावर चालत होती.

१४/
‘आठवडा’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. दिवस सात आणि शब्दात ‘आठ’. याची सोपी उपपत्ती मोजण्याच्या पद्धतीत सापडते. या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत मोजताना दोन्ही टोकांचे दिवस धरले की आठ होतात. रोमन लोकही आपल्या आठ दिवसांच्या बाजारचक्राला दोन्ही टोके धरून ‘नऊ’ म्हणत. फ्रेंच बोलीत आजही आठवडाभरासाठी ‘आठ दिवस’ म्हणतात. माणसे काळ मोजताना बहुधा एका भेटीपासून दुसऱ्या भेटीपर्यंत मोजतात.

१५/
बाजाराचा वार हा मजुरीचाही वार होता. शेतमजुराचा आठवड्याचा चुकारा बाजाराच्या दिवशी करायचा आणि त्या दिवशी, निदान दुपारनंतर, काम थांबवायचे ही रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी रूढ आहे. हातात पैसे आले की त्याच दिवशी तेल, मीठ, डाळ घरी येणार. गवंडीकाम, वीटभट्टी अशा ठिकाणीही ‘बाजाराचे पैसे’ आणि ‘बाजाराची सुट्टी’ हे शब्द ऐकू येतात. कायद्याने साप्ताहिक सुट्टी देण्याच्या पुष्कळ आधी बाजाराने ती अशी आडमार्गाने दिली होती. बैलांच्या बाबतीतही असेच. महाराष्ट्राच्या अनेक भागांत सोमवारी बैलांना औताला जुंपत नाहीत, कारण तो महादेवाचा आणि म्हणून नंदीचा वार.

१६/
पण सर्वांनाच वार मिळत नव्हता. खान्देशच्या शेतीचा मोठा भार सालदारावर असे. त्याचा करार वर्षाचा, आखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला ठरणारा. दिवसभर शेत, पहाटे आणि रात्री गुरे. रोजंदारी मजुराचा आठवडा बाजाराशी बांधलेला, तर सालदाराचे वर्ष मालकाशी बांधलेले. ज्याची मजुरी आठवड्याने मोजली जाते त्याला आठवड्याचा एक दिवस मागता येतो. ज्याचे सारे वर्षच आगाऊ विकले गेले आहे, त्याला कोणता दिवस आपला म्हणता येईल?

१७/
बाजाराचा दिवस निर्मळ होता असेही नाही. सगळ्यांच्या हाती एकाच दिवशी पैसा येतो, हे सावकारालाही ठाऊक असे आणि दारूच्या गुत्तेवाल्यालाही. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी शहादा भागात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेच्या चळवळीत आदिवासी मजूर जमीन आणि मजुरी यांसाठी उभे राहिले, तेव्हा स्त्रियांनी दारूविरुद्धही मोहीम उघडली आणि दारूची मडकी फोडली. मजुरीचा पैसा घरातल्या पिशवीत जाणार की गुत्त्यात, हा प्रश्न त्या मोहिमेच्या मुळाशी होता.

१८/
बाजाराच्या वाराचे सर्वांत देखणे रूप सातपुड्याच्या पायथ्याशी दिसते. होळीच्या आधीच्या आठवड्यात भिल्ल, पावरा, बारेला समाजांचे भोंगऱ्या बाजार भरतात. त्यासाठी वेगळ्या तारखा काढाव्या लागत नाहीत. त्या आठवड्यात ज्या गावाचा जो नेहमीचा बाजाराचा वार असेल, त्या दिवशी तेथे भोंगऱ्या. त्यामुळे सात दिवस रोज कुठे ना कुठे ढोल वाजतो. गूळ, डाळ्या, साखरेचे हार-कडे यांची खरेदी होते. कामासाठी दूर गेलेली माणसे या आठवड्यात परततात. नेहमीच्या वेळापत्रकालाच उत्सवाचे रूप येते, म्हणून निमंत्रणाची गरज पडत नाही.

१९/
एकोणिसाव्या शतकात या मुलखात दुसरा आठवडा आला. १८१८ मध्ये पेशवाई संपली, १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे कारभाराचे ठाणे केले आणि तेथे सरळ गल्ल्यांची नवी वसाहत आखली. १८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८७० च्या दशकात जळगावात सूत-कापडाची गिरणी उभी राहिली, विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमळनेरात प्रताप मिल. कचेरी, रेल्वे आणि गिरणी यांचा काळ घड्याळावर आणि भोंग्यावर चालत होता.

२०/
गिरणीने प्रथम वारच पुसून टाकले. यंत्राला सोमवार आणि शुक्रवार सारखेच. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने १२ वर्षांखालील मुलांना महिन्यातून चार सुट्ट्या आणि नऊ तासांची मर्यादा दिली, पण प्रौढ कामगारांसाठी त्यात काहीच नव्हते. गिरण्या सणांना बंद राहत, यंत्रे साफ करण्यासाठी अधूनमधून थांबत, तथापि ठरलेला साप्ताहिक विसावा हा हक्क नव्हता. पगारही मागाहून मिळे. गावातील मजुराला निदान बाजाराचा दिवस होता. गिरणीत आल्यावर तोही गेला.

२१/
हा वार परत मिळवण्याची लढाई मुंबईत झाली. सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांनी, जे ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक होते, १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांची सभा भरवली. सुमारे ५,५०० कामगारांनी स्वीकारलेल्या निवेदनात मागण्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त आणि पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत. निवेदनातील वार एकच होता. प्रत्येक कामगाराला सोयीचा एखादा दिवस द्या, असे त्यांनी म्हटले नाही. सर्वांना मिळून एक दिवस मागितला.

२२/
२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्यात स्त्री कामगारांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचे बळ दिले. तो कायदा मुंबईपुरता नव्हता, जळगावच्या गिरणीलाही लागू होणारा होता. साहेबाला रविवार चर्चसाठी हवा होता. मराठी कामगारासाठी तो खंडोबाचाही वार होता. एकाच दिवसाला दोन अर्थ मिळाले आणि तो टिकला.

२३/
यानंतर खान्देशात दोन आठवडे शेजारी नांदू लागले. एक कचेरी, शाळा आणि गिरणीचा, ज्यात सर्वांचा विसावा एकाच वारी. दुसरा बाजाराचा, ज्यात प्रत्येक गावाचा वार वेगळा. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात तिसराही होता. गाडी रविवारी थांबत नाही, म्हणून कर्मचाऱ्यांचा विसावा पाळीने. उद्योगांतील साप्ताहिक विश्रांतीचा १९२१ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९२३ मध्ये स्वीकारला आणि १९३० च्या दुरुस्तीने रेल्वे कायद्यात कामाच्या तासांचे व विश्रांतीचे नियम आले. विसावा मिळाला, पण तो शेजाऱ्याच्या विसाव्याशी जुळेलच असे नव्हते.

२४/
विसावा न जुळणे ही लहान गोष्ट वाटते. सोव्हिएत रशियात तिचा मोठा प्रयोग झाला. १९२९ मध्ये तेथे यंत्रे कधीच थांबू नयेत म्हणून पाच दिवसांचा अखंड आठवडा आणला. कामगारांचे रंगांनुसार पाच गट पाडले. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी, पण प्रत्येक रंगाची सुट्टी वेगळ्या दिवशी. सुट्टीचे दिवस वाढले, तरी लोक नाराज झाले. नवऱ्याला सुट्टी तेव्हा बायको कामावर, मित्राला सुट्टी तेव्हा आपण कामावर. १९३१ मध्ये तो मागे पडून सहा दिवसांचा आठवडा आला आणि १९४० मध्ये सात दिवस व सर्वांचा रविवार परतला.

२५/
हाच प्रश्न महाराष्ट्रातील दुकानांच्या कायद्यात शांतपणे वावरतो. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावे लागे. त्यामुळे पेठेचा एक ठरलेला बंदचा वार असे. त्या दिवशी मालक आणि नोकर दोघेही घरी. २०१७ च्या नव्या कायद्याने दुकान वर्षभर रोज उघडे ठेवण्याची मुभा दिली. कामगाराचा साप्ताहिक विसावा कायम आहे, मात्र तो पाळीने देता येतो. हक्काच्या तासांत फरक नाही. बदलले ते इतकेच की तो दिवस पेठेचा होता, आता ज्याचा त्याचा झाला.

२६/
आठवडे बाजाराची खरी किंमत २०२० च्या टाळेबंदीत कळली. राज्यभर बाजार बंद झाले. शहरातील गिऱ्हाइकाने माल घरपोच मागवला. पण सात गावांवर जगणाऱ्या पालवाल्याचे सातही वार एकदम रिकामे झाले. पाच जुड्या मेथी आणि दोन कोंबड्या विकून मीठ-तेल घेणाऱ्या बाईसाठी तर विकण्याची आणि घेण्याची जागा तीच होती. बाजार पुन्हा सुरू झाले तेव्हा ते जुन्याच वारांवर सुरू झाले. नवे वेळापत्रक कोणाला छापावे लागले नाही.

२७/
आता पहिल्या सल्ल्याकडे परत येता येते. दिवसाला एक काम ही कल्पना चुकीची नाही. मात्र एकट्या माणसाने वहीत आखलेला ‘लेखनाचा बुधवार’ वरिष्ठांच्या एका फोनने मोडतो, कारण तो बुधवार दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतो. बाजाराचा वार मोडत नाही, कारण तो मोडला तर शेकडो माणसांची गैरसोय होते. महाराष्ट्रातील जिल्हाधिकारी कचेऱ्यांत महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाला तो दिवस उपयोगी पडतो, कारण त्या दिवशी अधिकारी समोर असणे अपेक्षित आहे, हे दोन्ही बाजूंना माहीत असते.

२८/
लोखंडे यांच्या कामगारांनी हेच ओळखले होते. त्यांनी मागितलेला रविवार हा शरीराच्या थकव्यावरचा उपाय होता, तसाच तो एकमेकांना भेटता येईल असा दिवसही होता. सभा भरवायची तर सर्वांना एकाच वेळी मोकळीक हवी. यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यात येत्या होळीआधी पुन्हा भोंगऱ्या भरेल. कामावर दूर गेलेल्यांना त्याची तारीख कोणी कळवणार नाही. होळी केव्हा आहे आणि आपल्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, एवढे ठाऊक असले की घरी केव्हा निघायचे ते समजते.